विश्वासू व्यक्तीचा मोबाइल नंबर

माझ्या एका मोबाइल नंबरवर एकसष्ट मुलामुलींचे वडील राहतात. त्यांतल्या चौघांचे वडील हयात नाहीत, तरी तेही राहतात. हे कसं झालं ते आधी सांगतो.

मोताळ्याला बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, दोन वर्षं नोकरी शोधली, मग एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेऊन इथे बसलो. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज. प्रत्येक अर्जात मोबाइल नंबरचा रकाना असतो आणि त्या नंबरवर सहा आकडी ओटीपी येतो. पण ज्याचा अर्ज असतो त्याचा फोन घरी चार्जिंगला असतो, नाही तर वावरात भावाच्या खिशात. तिथे रेंज नसते, आणि ओटीपी दोन मिनिटांत मरतो. म्हणून मी त्या रकान्यात माझाच नंबर टाकतो. समोरचा माणूसही म्हणतो, "टाका ना भाऊ तुमचाच." नियमात हे बसत नाही. उघड झालं तर केंद्राचा आयडी बंद होतो, म्हणजे दुकान बंद. पण दिवसाला चाळीस अर्ज भरायचे तर दुसरा उपाय मला सापडलेला नव्हता.

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याची एका संस्थेची माणसं कॉलेजात आली. त्यांनी 'सांगावा' नावाचं ॲप आणलं होतं. विद्यार्थ्यानं रोज संध्याकाळी मोबाइलवरच्या पाच चेहऱ्यांपैकी एक दाबायचा. अगदी डावीकडे रडका, अगदी उजवीकडे हसरा. सलग तीन दिवस डावीकडच्या दोघांपैकी एखादा दाबला गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या विद्यार्थ्याच्या 'विश्वासू व्यक्ती'च्या मोबाइलवर संदेश जायचा. तिनं उत्तरात एक आकडा पाठवायचा. १ म्हणजे मी बोललो. २ म्हणजे बोलणं जमलं नाही. ३ म्हणजे मदत हवी.

मला ही रचना आवडली होती. त्याच हंगामात कृषी सहायक गावोगाव कामगंध सापळे वाटत होते. बोंडअळीचे नर पतंग वासानं त्यात येऊन अडकतात. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली असं समजायचं. मनालाही तसाच मोजणीचा नियम लावलाय हे पाहून मला गंमत वाटली. सापळा अळी थांबवत नाही, फक्त मोजतो. पुढचं माणसानं करायचं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

प्राचार्यांनी नोटीस लावली की दोन दिवसांत सगळ्यांची नोंदणी झाली पाहिजे. पोरं यादी घेऊन माझ्याकडे आली. विश्वासू व्यक्तीच्या नंबरवरही ओटीपी येत होता. मी नावाच्या जागी वडिलांचं नाव लिहिलं, नंबरच्या जागी माझा. एकसष्ट वेळा. ॲपनं एकदाही हरकत घेतली नाही.

बहुतेकांना त्या रकान्यात काय जातंय याचं काही पडलेलं नव्हतं. अपवाद आलिमाचा. कय्यूमचाचांची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, मोताळ्यापासून सात किलोमीटरवरून सायकलनं यायची. विश्वासू व्यक्ती कोण असं विचारल्यावर ती थांबली. मागे रांग होती, तरी थांबली.

"अब्बा," ती म्हणाली. "अब्बाचंच टाका." आणि दहा आकडे तोंडपाठ सांगितले.

मी मान हलवली आणि माझे दहा आकडे टाइप केले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिला संदेश आला. 'आलिमा यांचे मन तीन दिवसांपासून ठीक नाही. आज त्यांच्याशी बोला.' मी तो तसाच राहू दिला. दर दोन तासांनी तोच संदेश यायला लागला. दुकानात गर्दी होती. कंटाळून मी १ पाठवला. संदेश थांबले.

एवढंच करायचं असतं हे मला कळलं. मग अल्तमशचा आला, पूनमचा आला, पुन्हा आलिमाचा आला. प्रत्येकाला १. मी एका वहीत तारीख आणि नाव लिहून ठेवत होतो. का ते सांगता येत नाही, बहुधा सवय. कापूस वेचणीच्या दिवसांत संदेश वाढतात असं दिसलं. त्याचं कारणही मी स्वतःला देऊन टाकलं: बोंडांच्या वाळल्या टोकांनी मुलींची बोटं सोललेली असतात, स्क्रीनवर नीट टेकत नाहीत, डावीकडचा चेहरा चुकून दाबला जात असेल. कारण चांगलं होतं. तपासून मात्र पाहिलं नाही.

डिसेंबरात कॉलेजच्या फळ्यावर पुण्याच्या संस्थेचं अभिनंदनाचं पत्र लागलं. पालकांच्या प्रतिसादात आपलं कॉलेज सगळ्यांत पुढे होतं. शंभर टक्के.

त्यानंतर आठवड्याभरानं, एका सोमवारी, आलिमा दुकानात आली. समोर शेषराव बसले होते. बोंडअळीच्या तक्रारीचा अर्ज भरायला ते बियाण्याची रिकामी पाकिटं, टॅग आणि पावत्या घेऊन आले होते, आणि एक पावती दर वेळी नव्यानं हरवत होती. आलिमा त्यांच्या मागे उभी राहिली. चेहरा उतरलेला, पण आवाज अगदी सरळ.

"गोपालभाऊ, कॉलेजातून नाव काढाचा अर्ज भरून द्या."

"काऊन?" मी म्हणालो. "दुसरं वर्ष हाय ना तुहं?"

"वेचणीले मजूर भेटले नाही. एकोणीस दिवस कॉलेजात गेली नाही. प्रॅक्टिकल बुडाले. आता परीक्षेले बसू देत नाही म्हनतात."

"मंग सरांले भेट. नाही त घरी सांग. चाचा येतीन, बोलतीन सरांसंग."

ती हसली. ते हसू मला आवडलं नाही.

"घरी माहीत हाय," ती म्हणाली आणि तिनं तिचा मोबाइल माझ्यापुढे धरला. मामानं दिलेला जुना फोन, कोपऱ्यातून तडकलेला. त्यावर 'सांगावा' उघडलेलं होतं. एकाखाली एक नऊ ओळी, नऊ तारखा, प्रत्येकीत एकच वाक्य: 'तुमच्या विश्वासू व्यक्तीने तुमच्याशी बोलल्याचे कळवले आहे. असेच बोलत राहा!'

तारखा मी वाचल्या. त्या माझ्या वहीतल्या होत्या. मी १ पाठवला की तिकडे तिला असं काही दिसतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"नऊ डाव," आलिमा म्हणाली. "पहिल्या डावाले मी चहा घेऊन अब्बाजवळ जाऊन बसली. वाटलं, आता बोलतीन. त्यायनं इचारलं, बकऱ्या बांधल्या काय. बस. दुसऱ्या डावाले बी बसली. मंग बसनं सोडलं. म्हंजे त्यायले समदं माहीत हाय, भाऊ. माहीत हाय, आन् बोललो म्हनून खोटं कळवून मोकळे होतात." तिनं मोबाइल परत घेतला. "मले दुसऱ्या कोनाले सांगाचं नव्हतं. ज्याले सांगाचं होतं त्याले सांगून झालं. आता काय उरलं?"

मी उत्तर द्यायला हवं होतं. एकच वाक्य होतं: तो नंबर माझा आहे. समोर शेषराव बसले होते, आणि शेषरावांना कळलं म्हणजे बाजारापर्यंत सगळ्यांना कळलं. भिंतीवर माझ्या केंद्राचं प्रमाणपत्र होतं, त्याखाली 'नियमांचे उल्लंघन केल्यास' अशी सुरू होणारी ओळ.

"सर्व्हर डाऊन हाय," मी म्हणालो.

"तुह्या सर्व्हरले बी बोंडअळी लागली काय बे?" शेषराव म्हणाले. "जवा पाहावं तवा डाऊन. फवारनी कर त्याच्यावर."

आलिमा हसली नाही. "उद्या येते," ती म्हणाली. दारात जाऊन वळली. "नाही आली त राहू द्या अर्ज."

हे शेवटचं वाक्य मला दिवसभर पुरलं. अर्जाचंच बोलत असेल, असं मी ठरवलं. मग ठरवलेलं मोडलं. पुन्हा ठरवलं.

दुसऱ्या दिवशी नऊला दुकान उघडलं आणि रस्त्याकडे पाहत बसलो. सायकल आली नाही. दहा वाजता फोन वाजला. 'आलिमा यांचे मन तीन दिवसांपासून ठीक नाही.' दहावा संदेश. माझा अंगठा सवयीनं १ वर गेला होता. मी तो उचलला आणि ३ पाठवला.

चार मिनिटांत पुण्याहून फोन आला. बाईंचा आवाज शांत होता.

"नमस्कार. आपण आलिमाचे वडील बोलताय का?"

"हो," मी म्हणालो. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं आणि हो बाहेर आलं.

"तुम्ही मदत मागितलीत, फार बरं केलंत. काही प्रश्न विचारते. ती रात्री झोपते का?"

मला माहीत नव्हतं.

"जेवण कमी झालंय? स्वतःच्या वस्तू कोणाला देऊन टाकल्यात? आता काही उरलं नाही, असं काही म्हणाली का?"

"हो," मी म्हणालो. "काल म्हणाली. काय उरलं, असं."

"आत्ता ती कुठे आहे?"

"माहीत नाही."

 मग बाई म्हणाल्या, "हे बघा, घाबरू नका, पण ताबडतोब तिच्याजवळ जा. तिला आज एकटं सोडू नका. समजावू नका, रागावू नका, नुसतं जवळ बसा आणि जीव द्यायचा विचार मनात येतो का, असं थेट विचारा. मी अर्ध्या तासानं पुन्हा फोन करते. तुम्ही वडील आहात. तिनं यादीत तुमचंच नाव दिलंय, हे लक्षात ठेवा."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली.

कय्यूमचाचांचं वावर रस्त्यालगतच आहे, म्हणून आधी तेच लागलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी होती, पण बोंडं काळी पडून अर्धवट उघडलेली. त्यांनी तिच्यात बकऱ्या सोडल्या होत्या. बांधाजवळच्या कामगंध सापळ्याची पिशवी मेलेल्या पतंगांनी भरली होती. ती कितीतरी दिवसांत कुणी रिकामी केली नसावी.

"काय गोपाल, इकडे कसा?" चाचा म्हणाले. "माह्या अर्जात काही राह्यलं काय? टॅग त समदे देल्ते तुले."

"चाचा, आलिमा कुठी हाय?"

"घरी. तिची अम्मी दवाखान्यात गेली आजीले घेऊन. काऊन?"

"एकटीच हाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला लागलो. नंबर, ओटीपी, चेहरे, संदेश, नऊ वेळा पाठवलेला १. सांगताना मोटरसायकल बंदही केली नव्हती. चाचांनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे माह्या नावानं तू बोलला तिच्यासंग?"

"बोललो नाही. बोललो म्हनून कळवलं."

"आन् काय बोललो मी?"

 त्यांनी हातातली काठी खाली टाकली आणि मागे बसले. "चाल."

रस्त्यात माझ्या कानाजवळ ते म्हणाले, "तारखा सांग."

मी पाठ असलेल्या तारखा सांगत गेलो. पाच नोव्हेंबर. "त्या रोजी तिनं भाकर तशीच ठेवली," चाचा म्हणाले. आठ. "पोट दुखते म्हने." अकरा. तिथून पुढे प्रत्येक तारखेला माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात आवळत होता. त्यांना सगळं दिसलेलं होतं. संदेश फक्त पोचला नव्हता.

घराच्या पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत भरलेला होता. भाव चढेल म्हणून ठेवलेला, आणि आता तो कुणी घेत नव्हतं. त्यातून निघालेल्या गुलाबी अळ्या भिंतीवर चढत होत्या. कापूस आणि भिंत यांच्यामध्ये एक खाट मावेल एवढीच जागा उरली होती, आणि त्या खाटेवर आलिमा बसली होती. हातांवर कापसातल्या अळ्यांमुळे खाजवल्याचे लाल ओरखडे. मांडीवर तिची प्रॅक्टिकलची जर्नल्स दोरीनं बांधून ठेवलेली. वर चिठ्ठी होती, 'पूनमसाठी'.

ती आहे, एवढंच मी आधी पाहिलं. 

मला अब्बांसोबत पाहून ती म्हणाली, "सर्व्हर चालू झाला काय?"

"बंद नव्हता," मी म्हणालो. "काल बी नव्हता. आलिमा, थो नंबर माहा हाय. तू अब्बाचा सांगतला, मी माहा टाकला. चाचाले एक बी मेसेज गेला नाही. बोललो म्हनून थे मीच दाबत होतो."

 मला वाटलं ती ओरडेल; तिनं ओरडायला हवं होतं. पण तिनं मान वळवून वडिलांकडे पाहिलं.

"तुमाले माहीतच नव्हतं?"

चाचा दारातच उभे होते. ते हो म्हणू शकले असते. तेच सोपं होतं, आणि खरंही होतं.

"मेसेजचं माहीत नव्हतं," ते म्हणाले. "तू जेवत नाही थे माहीत होतं. रातच्यानं उठून बसते, थे बी माहीत होतं. काय इचारावं थे समजत नव्हतं, बेटा. म्हनून बकऱ्याचं इचारत होतो."

आलिमाचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला आणि ती रडायला लागली. चाचा कापसाला घासत आत शिरले आणि खाटेच्या कडेला बसले. जागाच एवढी होती की जवळ बसण्यावाचून उपाय नव्हता. पुण्याच्या बाईंनी सांगितलेलं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी ते विचारलं, अडखळत, पण थेट. तिनं काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही. मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. ते माझ्यासाठी नव्हतं. नऊ वेळा माझ्यापर्यंत आलं होतं, तेच पुष्कळ झालं.

वीसेक मिनिटांनी आलिमा दारात आली. डोळे सुजलेले.

"नंबर बदलून द्या," ती म्हणाली. "आत्ता. माह्यासमोर."

मी तिच्या मोबाइलवर रकाना उघडला. जुना नंबर काढण्यासाठीचा ओटीपी मी अंगणाच्या टोकाला जाऊन मिळवला, तो टाकला. नवा नंबर तिनं स्वतः टाइप केला. चाचांनी खिशातून बटणांचा फोन काढला. काहीच आलं नाही. दारात तिच्या मोबाइलला जेमतेम रेंज होती, त्यांच्या फोनला तीही नव्हती. ते अंगणात आले, चुलीजवळ गेले, शेवटी बैलगाडीवर चढून फोन उंच धरून उभे राहिले. फोन वाजला तेव्हा दोन मिनिटं होऊन गेली होती.

"मेला," मी म्हणालो. "पुन्हा मागा."

दुसऱ्या खेपेला ते गाडीवरून खाली उतरलेच नाहीत. चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेले चाचा एकेक आकडा बोट ठेवून मोठ्यानं वाचत होते आणि ती दारातून टाइप करत होती.

"चार."

"हो."

"सात. पुन्हा सात."

"दोनदा सात?"

"हाव. मंग शून्य."

शेवटचा आकडा त्यांनी दोनदा सांगितला. स्क्रीनवर हिरवी खूण आली. आलिमानं ती वडिलांना दाखवली नाही. फक्त मान हलवली. चाचा गाडीवरून उतरले.

"नाव काढाचा अर्ज?" मी विचारलं.

"उद्या अब्बा येनार हाय सरांले भेटाले," ती म्हणाली. "त्यायनं काय म्हनलं थे पाहू. अर्ज लिहून ठेवा. फाडू नका." मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "तुमच्या दुकानात मात्र मी येनार नाही, भाऊ."

मी बरं म्हणालो. 

रस्त्याला लागलो. गावाबाहेर पुन्हा नीट रेंज आली तसा खिशातला फोन वाजला. एक संदेश होता: 'अल्तमश यांचे मन तीन दिवसांपासून ठीक नाही.' अल्तमशचे वडील चार वर्षांपूर्वीच वारले. त्यांच्या नावापुढेही माझाच नंबर आहे. एकसष्टातला एक कमी झाला होता; साठ उरले होते. प्रत्येकाचा नंबर बदलायचा म्हणजे प्रत्येकाला सांगावं लागणार, आणि साठ घरांना सांगितलेली गोष्ट प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयापर्यंत जाणारच. मी हे सगळं मोटरसायकल उभी करून, नीट, क्रमानं विचारात घेतलं. कुठूनही गेलो तरी त्याच ठिकाणी येत होतो.

तेवढ्यात पुण्याचा फोन आला. अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता.

"नमस्कार. आलिमाजवळ पोचलात का? कशी आहे ती?"

"वडिलांजवळ आहे," मी म्हणालो.

"म्हणजे? तुम्ही वडीलच बोलताय ना?"

दोन्ही बाजूंना काळी पडलेली पऱ्हाटी होती. मधला रस्ता अरुंद.

"नाही, मॅडम," मी म्हणालो. "मी अर्ज भरणारा. माझं नाव गोपाल. लिहून घ्या. आणि आणखी साठ नावं सांगतो, तीही घ्या. पहिलं अल्तमश. त्याला कोणीतरी आजच फोन करा."